ठिकाणाचा रकाना

वही घेऊन जायची अक्कल माझीच. कुणी मागितली नव्हती. मिस्टर स्टकी तर म्हणाले होते, जोलीन, तू नुसती येऊन बस, तेवढा आधार पुरे. पण गप्प बसणं मला जमत नाही. एकतीस वर्षं मी या भागातल्या घोड्यांचे खूर तासतेय, नाल ठोकतेय, आणि प्रत्येक खेपेची नोंद वहीत करतेय. अशा पाच जाडजूड वह्या माझ्या घरात आहेत. त्यांतल्या चार काखोटीला मारून मी टाउनशिपच्या, म्हणजे आमच्या गावकारभाराच्या, सुनावणीला गेले आणि एका म्हाताऱ्या आंधळ्या घोड्याचा निकाल माझ्याच अक्षरात देऊन आले.

त्याला आता पाच महिने झाले. माझा राग तसूभरही उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

ऑरिन स्टकी एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी जन्मभर शाळेची बस चालवली. सहा वर्षं मी त्या बसच्या तिसऱ्या बाकावर बसले, म्हणून आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते मला मिस्टर स्टकीच. त्यांच्या मुलीसाठी चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी चेस्टरला आणलं. तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका, आणि इतका शांत की पोरं पोटाखालून रांगत गेली तरी पाय हलवायचा नाही. मुलगी मोठी झाली, ॲरिझोनात जाऊन राहिली. चेस्टर राहिला.

आमच्या रस्त्यावर एक रीत होती. असा शहाणा घोडा कुणी विकत नसे. घरचं पोर मोठं झालं की तो उन्हाळ्यापुरता शेजारच्या पोराला शिकायला द्यायचा. ज्याच्याकडे घोडा त्याने चारा घालायचा, नालबंद बोलवायचा आणि पानगळ लागली की परत आणून सोडायचा. कागद नाही, सही नाही. घोड्याबरोबर त्याची निळी बादली जायची, आणि परत देताना त्या पोराने बादलीवर पांढऱ्या रंगाने आपलं नाव लिहायचं. चेस्टरच्या बादलीवर अकरा नावं आहेत. आमच्या रस्त्यावर आज पंचविशीच्या आतबाहेर असलेलं आणि घोड्यावर बसता येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस त्या बादलीवर आहे.

आता नियम सांगते, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. बारा वर्षांपूर्वी टाउनशिपने ठरवलं की एक घोडा ठेवायचा तर किमान तीन एकर जमीन हवी आणि पुढच्या प्रत्येक घोड्याला एकेक एकर जास्त. मिस्टर स्टकींचं खरेदीखत तीन एकरांचं आहे. पण जुनी खतं रस्त्याच्या मध्यापर्यंत जातात, आणि टाउनशिप मोजताना रस्ता वजा करते. राहिले दोन एकर आणि थोडे तुकडे. तरीही भीती नव्हती, कारण नियमाच्या आधीपासून ज्यांच्याकडे घोडा होता त्यांना तो लागू नव्हता. अट एवढीच की मध्ये सलग बारा महिने खंड पडता कामा नये. ही अट नियमांच्या पुस्तकात सतराव्या पानावर होती. आमच्यापैकी कुणीही सतराव्या पानापर्यंत गेलं नव्हतं.

मग घरं आली. वेंडेल क्राउसने चार वर्षांपूर्वी आपल्या पन्नास एकरांतले अडतीस एकर बिल्डरला दिले आणि तिथे एकसारखी, राखाडी, मोठमोठी घरं उभी राहिली. वसाहतीच्या फाटकावर लोखंडी घोडा बसवलाय, मागचे दोन पाय टेकलेला. तो घोडा कुणाला चालतो. वास येत नाही ना त्याला.

त्यांतल्या शेवटच्या घरात टॉड व्हिटेकर नावाचा माणूस राहायला आला. त्याच्या अंगणातला लाकडी चौथरा मिस्टर स्टकींच्या कुंपणापासून साठ पावलांवर आहे, मी मोजलाय. शनिवारी तो तिथे मांस भाजतो आणि माशा येतात. माशा चेस्टरच्या, असं त्याने लेखी कळवलं.

तक्रार आल्यावर लाइल टेप घेऊन आला. लाइल टाउनशिपचा तपासनीस, स्वभावाने वाईट नाही. त्याच्या तट्टाचे खूर मीच करते. जमीन मोजताना तो मान वर करत नव्हता. मी त्याला म्हटलं की बाबा, तुला या घोड्याने घोड्यावर बसायला शिकवलं, बादलीवर चौथं नाव तुझं आहे. तो म्हणाला, "जोलीन, तक्रार आली की मला यावंच लागतं. तुम्ही सुनावणीला या. चोवीस वर्षं घोडा इथे आहे, सिद्ध करा, सुटेल तो." त्याला खरंच तसं वाटत होतं.

सिद्ध करा म्हटल्यावर मला चेव आला. मिस्टर स्टकींकडे काय होतं? मुलीचे दोन फोटो आणि ती बादली. माझ्याकडे मात्र वह्या होत्या. तारीख, घोडा, काय काम केलं आणि ठिकाण. ठिकाणाचा रकाना मी आवर्जून ठेवते, कारण घोडा कुठल्या जमिनीवर उभा असतो यावर खूर ठरतो. चिखलात उभा राहिला तर खूर मऊ पडतो, खडीवर राहिला तर चिरतो. ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हणायचे की जागा लिहिली नाहीस तर नुसता घोडा लिहून उपयोग नाही. मी एकही रकाना कधी रिकामा ठेवलेला नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता.

तोपर्यंत चेस्टरचे दोन्ही डोळे गेले होते. आधी डावा, मग गेल्या वर्षी उजवा. पण त्या कुरणातला प्रत्येक खांब त्याला पाठ होता. पाण्याचं टाकं, अक्रोडाचं झाड, गोठ्याचं दार, सगळीकडे तो न अडखळता जायचा. मिस्टर स्टकींनी त्याला सोबत म्हणून डॉट नावाची शेळी आणून ठेवली होती आणि तिच्या गळ्यात घंटा बांधली होती. घंटा वाजेल तिकडे चेस्टर जायचा. अशा घोड्याला दुसऱ्या कुरणात सोडणं म्हणजे त्याला मारणंच, फक्त जरा हळूहळू. हे मला माहीत होतं, मिस्टर स्टकींना माहीत होतं, आणि घोड्याशी आयुष्यात कधीही संबंध आलेल्या कुणालाही माहीत असायला हवं.

सुनावणी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये झाली. शुक्रवारी जिथे तळलेल्या मासळीची पंगत असते तोच हॉल, भिंतींना तेलाचा वास मुरलेला. समोरच्या टेबलाशी तिघं बसले होते. मधला वेंडेल क्राउस. तो आमच्या टाउनशिपच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. तोही त्याच बसमधला, माझ्याच वर्गातला. बाजूला टाउनशिपने तालुक्याहून आणलेला वकील. तरुण नव्हता, उद्धटही नव्हता. अतिशय सभ्यपणे बोलत होता, आणि हेच मला नंतर सर्वांत जास्त झोंबलं.

टॉड व्हिटेकर माशांबद्दल बोलला. मिस्टर स्टकी दोन वाक्यं बोलले. मग मी उठले आणि चारही वह्या टेबलावर आपटल्या. म्हटलं, बघा, नियम यायच्या आधीपासूनच्या नोंदी आहेत, दर सहा-सात आठवड्यांनी एक, चोवीस वर्षं. यापेक्षा पक्का पुरावा तुम्हाला कुणी देणार नाही.

वकिलाने विचारलं, "या वह्या तुम्ही स्वतः लिहिता?"

"मी नाही तर काय घोडा लिहितो?"

हॉल हसला. मीही हसले. काय मूर्ख बाई.

ठिकाणाचा रकाना कशासाठी, असं त्याने विचारलं, आणि मी त्याला चिखल, खडी, सगळं सविस्तर सांगितलं. म्हणजे हा रकाना अचूक असतो तर, असं तो म्हणाला. शंभर टक्के, मी म्हटलं. मग त्याने मला सहा वर्षांपूर्वीचा एप्रिल काढून मोठ्याने वाचायला सांगितलं.

मी वाचलं. "अकरा एप्रिल. चेस्टर. चारही खूर तासले. ठिकाण, क्राउसचा गोठा."

"क्राउस म्हणजे कोण?"

"हा काय समोर बसलाय, वेंडेल." पुन्हा थोडं हसू झालं.

"पुढची नोंद वाचा."

मेअखेरीस, क्राउसचा गोठा. जुलैत, क्राउसचा गोठा. तिसरी नोंद वाचता वाचता त्याचा डाव माझ्या लक्षात आला. मी थांबले. तो तितक्याच सभ्यपणे म्हणाला, "पुढे." ऑगस्ट. ऑक्टोबर. डिसेंबर. पुढच्या वर्षीचा जानेवारी. मी वाचत होते आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. जूनपर्यंत सगळ्या नोंदींत एकच ठिकाण. चौदा महिने.

आता ते चौदा महिने कसे झाले ते मी स्वतः पाहिलंय. वेंडेलची नात ॲडी तेव्हा नऊ वर्षांची होती, आजोबांकडेच असायची. चेस्टर एप्रिलमध्ये तिच्याकडे गेला. पानगळीला परत यायचा तर पोरीचा हात मोडला, म्हणून राहिला. फेब्रुवारीत मिस्टर स्टकींनी घोडा परत मागितला. वेंडेल बायकोने भाजलेला ॲपल-पाय घेऊन त्यांच्याकडे आला. मी तिथेच होते, कॉफी पीत. म्हणाला, पोरीचं मन मोडेल, अजून एक उन्हाळा राहू द्या, निदान शाळेच्या सुट्टीपर्यंत तरी, तिला तालुक्याच्या जत्रेतल्या घोडेस्वारीसाठी तयारी करायचीय. मिस्टर स्टकी म्हणाले, राहू दे, पोरीचा जीव आहे त्याच्यात. रिकामं कुरण त्यांनी तसंच ठेवलं, कुंपण दुरुस्त केलं, टाकं भरून ठेवलं. का? घोडा परत यायचा होता म्हणून.

हे सगळं मी त्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं. बादली उचलून दाखवली. नववं नाव, ॲडी क्राउस, खाली तिने एक फूलही काढलंय. मी म्हटलं, "वेंडेल, तू सांग की. तूच मागून ठेवला होतास ना?"

वेंडेलने पाण्याचा ग्लास दोन बोटं सरकवला. "अध्यक्ष साक्ष देत नाही, जोलीन."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी काहीतरी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मला बसायला सांगण्यात आलं.

मिस्टर स्टकी मात्र उभे राहिले. टेबलाला धरून. "मी घोडा सोडला नव्हता," ते म्हणाले. "उसना दिला होता."

वकील म्हणाला, "मी समजू शकतो, सर. पण नियमात उसना असा शब्द नाही."

आणि मग त्याने बादली मागून घेतली. घोडा दुसरीकडे होता याला ही बादलीही दुजोरा देते, असं म्हणाला. वही पुरावा एक, बादली पुरावा दोन. त्यांच्या कारकून बाईने बादलीवर चिठ्ठी चिकटवली आणि टेबलाखाली ठेवून दिली. माझ्या वहीच्या पानांच्या नकला काढून वही परत दिली. बादली दिली नाही.

मत द्यायची वेळ आली तेव्हा वेंडेल उठून बाजूला झाला. म्हणाला, घोडा काही काळ माझ्याकडे होता, त्यामुळे मी मत देणं योग्य नाही. किती स्वच्छ माणूस! तोंड उघडायचं होतं तेव्हा अध्यक्ष होता, आणि हात वर करायचा होता तेव्हा शेजारी झाला. उरलेल्या दोघांनी हात वर केले. साठ दिवसांत घोडा जागेवरून काढावा. शेळी ठेवायला हरकत नव्हती. दोन एकरांत सहा शेळ्या ठेवता येतात, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

बाहेर गाड्या लावतात तिथे मी वेंडेलला गाठला. तुला आधीपासून माहीत होतं, मी म्हटलं. वकिलाला एप्रिल कुणी सांगितला, ते तरी सांग. तो म्हणाला की मला कायद्याचा सल्लागार विचारेल त्याचं खरं उत्तर द्यावं लागतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, मी काही राक्षस नाही. चेस्टरला माझ्याकडे आणा. बारा एकर आहेत. त्याला जागा माहीत आहे."

मिस्टर स्टकी माझ्या गाडीत बसून ऐकत होते. घरी जाताना म्हणाले, त्याने मनापासून म्हटलं असेल तर बघून यावं. म्हणजे बघा, असा माणूस. मी त्यांच्या जागी असते तर वेंडेलच्या दारात पाऊल ठेवलं नसतं. पण घोड्यासाठी ते अपमान गिळायला तयार होते, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो.

चेस्टरला माहीत असलेलं कुरण तिथे नव्हतंच. ते विकलेल्या अडतीस एकरांत गेलं होतं. जिथे तो चौदा महिने उभा होता तिथे आता टॉड व्हिटेकरचं घर आहे आणि तो लाकडी चौथरा आहे. ज्या मातीतल्या माशांची तक्रार होती, त्या मातीत आधी चेस्टरनेच शेण टाकलेलं. उरलेल्या बारा एकरांत तळं, झाडी, आणि गॅरेजमागे एक उतरता पट्टा. त्या पट्ट्यात वेंडेलचे दोन तरणे घोडे, एकमेकांना लाथा घालत फिरणारे. मिस्टर स्टकी कुंपणाशी पंधरा मिनिटं उभे राहिले. ॲडी घरातून बाहेर आली, आता पंधरा वर्षांची आहे. तिने विचारलं, चेस्टर येणार का इथे? मिस्टर स्टकींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही गं पोरी. त्याला आता नवीन काही शिकवता येणार नाही." काय झालंय ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगणार होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणून गप्प राहिले. अख्ख्या प्रकरणात मी गप्प राहिले ते तेवढंच एकदा.

साठ दिवसांत मी जे करता येईल ते केलं. शेजारची जमीन भाड्याने मिळाली असती तर एकर भरले असते. पण एका बाजूला टॉड, दुसऱ्या बाजूला रस्ता, मागे ओढा. टॉडकडेही गेले. त्याच्या अंगणाचा वीस पावलांचा पट्टा कागदोपत्री दिला असता तर काम झालं असतं. तो म्हणाला, वसाहतीच्या नियमांत जनावरांना बंदी आहे, माझ्या हातात नाही. आणि पुढे म्हणाला, "मला एवढं व्हायला नको होतं. मला फक्त माशा नको होत्या."

मी म्हटलं, "मग जाळी लावायची होतीस."

तेव्हा त्याने मला माशा पकडण्याचं यंत्र दाखवलं, चौथऱ्याच्या कोपऱ्यात टांगलेलं. सुनावणीनंतर आणलं होतं. चांगलं चालतं म्हणे. मी लगेच निघून आले, कारण माझ्या हातात खूर तासायची कानस होती आणि स्वतःवर माझा भरवसा नव्हता.

सत्तावन्नाव्या दिवशी जनावरांची डॉक्टरीण आली. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चांगलं होतं. मिस्टर स्टकींनी चेस्टरला अक्रोडाखाली नेलं, तिथे तो दुपारी झोपायचा. नेलं म्हणजे काय, डॉटची घंटा वाजली आणि तो आपणच गेला. मी त्याचे चारही खूर त्या सकाळी शेवटचे तासले. गरज नव्हती. पण मी त्याला वाढलेल्या खुरांनी जाऊ देणार नव्हते. पाय उचल म्हणावं लागलं नाही. मी खांद्याला हात लावला की तो पाय द्यायचा, चोवीस वर्षं, तसाच दिला. डॉक्टरीण बाईंनी सुई दिली तेव्हा मिस्टर स्टकींचा हात त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर होता. ते एवढंच म्हणाले, "शाबास."

खड्डा तिथेच खणला. मला विचारलं असतं तर मी कुंपणालगत, बरोबर त्या चौथऱ्यासमोर खणला असता. मिस्टर स्टकी म्हणाले, त्याची जागा ही आहे.

साठाव्या दिवशी लाइल आला. हातात एक छापील कागद आणि दुसऱ्या हातात निळी बादली. तिच्यावर अजून पुरावा क्रमांक दोनची चिठ्ठी होती. बादली त्याने पायरीवर ठेवली आणि कागद गाडीच्या बॉनेटवर पसरला. प्रश्न एकच होता, जनावर जागेवरून काढलं का, आणि पुढे होय आणि नाही असे दोन चौकोन. लाइलने होयवर पेन टेकवलं.

"थांब," मिस्टर स्टकी म्हणाले. "खोटं लिहू नकोस. काढलेला नाही."

लाइलने अक्रोडाकडे पाहिलं, ताज्या मातीकडे पाहिलं. डॉट त्या मातीवर उभी होती, तीन दिवस तिथून हलली नव्हती. लाइल चाचरत म्हणाला, "मिस्टर स्टकी, नाही लिहिलं तर मला कारवाई करावी लागेल."

"कर," मी म्हटलं. "आधी मेलेल्या घोड्याला किती एकर लागतात ते तुझ्या पुस्तकात शोध."

त्याने खरोखर पुस्तक आणलं. गाडीत होतंच. त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं, सतरावं पान दोनदा वाचलं. जिवंत घोड्याला तीन, कोंबड्यांना इतके, शेळ्यांना इतके, मधमाश्यांच्या पेट्यांनाही काहीतरी होतं. मेलेल्याबद्दल एक ओळ नव्हती. म्हणजे चेस्टर आता कायदेशीर झाला होता. चोवीस वर्षं चारा खाऊन, अकरा पोरांना घोड्यावर बसवून जे जमलं नाही, ते त्याने मातीखाली जाऊन मिळवलं. लाइलने टोपी काढली. त्याला रडू येत होतं. मला त्याची दया आली नाही. शेवटी त्याने नाहीच्या चौकोनात खूण केली, खाली सही केली, आणि बादलीवरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

मी अजून दर सहा आठवड्यांनी तिथे जाते. डॉटचे खूर तासायला कुणीतरी हवंच. ती पाय द्यायला नाखूश असते, लाथ मारते, मिस्टर स्टकी तिला धरतात. काम झालं की आम्ही पायरीवर बसून कॉफी पितो आणि मी वही काढते. डॉटची नोंद करते. मग तिच्याखाली आणखी एक ओळ लिहिते. तारीख. चेस्टर. काम, काही नाही. ठिकाण, स्टकींचं कुरण. आतापर्यंत अशा तीन ओळी झाल्या आहेत. मी आहे तोवर मध्ये बारा महिन्यांचा खंड पडणार नाही.